चोख माणसाचं दुखणं

मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावात माणसाचं नाव त्याच्या कामावरून होतं. तहसील कचेरी, पंचायत समिती, कोर्ट, बँका आणि शाळा यांच्याभोवती गाव फिरतं. जावळीच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून माणसं एका कागदासाठी अख्खा दिवस मोडून खाली येतात आणि कोणत्या टेबलावर काम होतं, कोणत्या टेबलावर अडतं, हे परतीच्या एसटीत एकमेकांना सांगतात. 'माणूस कडक आहे, पण काम चोख' ही त्यातली मोठी पावती. ती ज्याला मिळते त्याच्याकडे पाहून कुणाला आजार आठवत नाही. मला मात्र या पावतीआड वर्षानुवर्षं दडून राहणाऱ्या एका आजाराबद्दलच बोलायचं आहे. सगळे त्याला मान देतात म्हणून तो सापडत नाही. त्याची किंमत घरातलं दुसरंच कुणी भरत असतं म्हणून ज्याला तो आहे त्याला जाणवत नाही. आणि उपचार म्हणजे आपली शिस्त मोडायची, अशी समजूत असल्यामुळे तो माणूस डॉक्टरची पायरी चढत नाही.

मानसोपचारात या आजाराला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात. आपण ओसीपीडी म्हणू. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये काढलेल्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत त्याची आठ लक्षणं आहेत. तपशील, याद्या आणि नियम यांत इतकं गुंतायचं की मूळ काम बाजूला राहतं. काम निर्दोष व्हावं या हट्टापायी ते पुरंच होत नाही. कामापुढे विश्रांतीला आणि मैत्रीला जागा उरत नाही. नीतीच्या बाबतीत माणूस तसूभर हलत नाही. जुन्या, निरुपयोगी वस्तू टाकवत नाहीत. समोरचा आपल्याच पद्धतीने करणार असेल तरच त्याच्या हाती काम दिलं जातं. पैसा पुढच्या संकटासाठी धरून ठेवला जातो. आणि हेकटपणा. यांपैकी किमान चार लक्षणं तरुणपणापासून आयुष्याच्या अनेक अंगांत दिसत असतील तर निदानाचा विचार करतात. लोकसंख्येतलं प्रमाण या पुस्तिकेने 2.1 ते 7.9 टक्के सांगितलं आहे. खालचा आकडा धरला तरी शंभर माणसांत दोघे होतात.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, वेगळा. मंत्रचळाच्या रुग्णाला सहसा माहीत असतं की दहाव्यांदा कुलूप ओढून पाहण्यात अर्थ नाही. तो विचार त्याला छळतो, परका वाटतो, त्यातून सुटायला तो मदत मागतो. ओसीपीडी असलेल्याला आपली पद्धत हाच आपला स्वभाव आणि आपला सद्गुण वाटतो. त्याच्या मते अडचण जगाची आहे, कारण जग निष्काळजी आहे. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण उपचारांची वाट वेगळी असते आणि हा गोंधळ आपल्याकडे अगदी शिकलेल्या घरांतही होतो. दिवसातून वीसदा हात धुणारी बाई डॉक्टरकडे नेली जाते. सगळ्या घराने कसं जगायचं हे ठरवणारा माणूस नेला जात नाही.

असा एक मुख्याध्यापक डोळ्यांसमोर आणा. कुणा एकाचं हे चित्र नाही. मनोविकारतज्ज्ञांना वारंवार दिसणाऱ्या गोष्टी मी एकत्र केल्या आहेत. शाळेचं दप्तर आरशासारखं. अधिकारी तपासणीला आले की इतर शाळांना याच्याकडे बघायला सांगतात. शिक्षकांनी भरलेले तक्ते हा रात्री घरी आणून पुन्हा स्वतः भरतो, कारण त्यांच्या आकड्यांवर विश्वास नाही. सहलीचं नियोजन इतकं बारकाईने चालतं की सहलीचा हंगाम निघून जातो. घरी चहाची कपबशी ठरलेल्या जागी, गॅस सिलिंडरची तारीख वहीत, भाजीचा हिशेब आठवड्याला. मुलाला स्कॉलरशिपला दोनशे नव्वद मार्क पडले तर रात्रीच्या जेवणाला गेलेल्या दहा मार्कांची चर्चा. बायकोने आवरलेलं कपाट तो एक शब्द न बोलता पुन्हा आवरतो. या माणसाने कधी हात उचलला नाही, दारूला शिवला नाही, कुणाचा रुपया बुडवला नाही. त्याची बायको मैत्रिणीला काय सांगणार? तिच्याकडे तक्रारीला नावच नाही. मग ती स्वतः झोपेच्या गोळ्यांपर्यंत पोहोचते, मुलगा फोनवर 'हो' आणि 'ठीक आहे' एवढंच बोलू लागतो, आणि आजार घरभर पसरून ज्याचा आहे तो सोडून सगळ्यांच्या अंगावर दिसतो.

बाईच्या बाबतीत हेच चित्र उलट्या बाजूने दिसतं. पुरुषाला ज्या वागण्याबद्दल शिस्तप्रिय म्हणतात त्याच वागण्याबद्दल बाईला खाष्ट म्हणतात. तिला मान कमी मिळतो, आणि मदत तिलाही मिळत नाही.

आता इथे थांबून आपल्या मुलखाबद्दल बोलायला हवं, कारण परदेशी पुस्तिकेतली आठ लक्षणं जावळी तालुक्यावर तशीच्या तशी लावली तर अर्धा तालुका आजारी ठरेल. 1960 च्या दशकात कोयना धरणाचं पाणी चढलं आणि बामणोलीच्या बाजूची शेतं-घरं शिवसागराखाली गेली. विस्थापित घरांना आपण कुठले, आपली जमीन किती, हे पुढे कित्येक दशकं कागदांनी सिद्ध करत बसावं लागलं. ज्याच्या आजोबांच्या ट्रंकेत कागद राहिला आणि ज्याच्या राहिला नाही, त्या दोन घरांची नशिबं वेगळी झाली. अशा घरातला नातू प्रत्येक पावती जपतो, नावातली वेलांटी तीनदा तपासतो. त्याला आजारी म्हणणं अन्याय होईल. तीच गोष्ट पैशाची. या खोऱ्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले, गिरणीत आणि माथाडीत राबले आणि गावाकडच्या बाईने मनीऑर्डरीच्या पैशात वर्ष काढलं. 1982 च्या संपात गिरणीची मिळकतही थांबली. अशा घरात सुतळी, डबे, पत्रे, लाकडाचे तुकडे टाकून देत नाहीत, आणि मुसळधार पावसाचे चार महिने ज्याने काढलेत त्याला त्याचं कारण सांगावं लागत नाही. काटकसर हे इथे जगण्याचं शहाणपण आहे.

मग शहाणपण कुठे संपतं? माझ्या मते एकाच कसोटीवर. परिस्थिती बदलल्यावर नियम बदलता येतो का? कागद जपणारा नातू नोकरीला लागला, सातबारे ऑनलाइन आले, आणि तरीही तो रात्री दोनला उठून फाइल उघडतो, बायकोला त्या खोलीत झाडू मारू देत नाही, तेव्हा जपणूक कागदाची राहिलेली नसते. न्यूयॉर्कमधले अँथनी पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हे फार नेमकं दिसतं. आज थोडे पैसे की पुढे जास्त, असे पर्याय ठेवल्यावर ओसीपीडी असलेली माणसं मंत्रचळाच्या रुग्णांपेक्षा आणि निरोगी माणसांपेक्षाही जास्त वाट पाहायला तयार होती. आत्ताचं सुख पुढे ढकलण्याची ही ताकद कष्टकरी घराला वर काढते, यात शंका नाही. पण जो माणूस मुलीच्या लग्नापर्यंत, मग घर बांधेपर्यंत, मग निवृत्तीपर्यंत बायकोबरोबर चार दिवस कुठे जाणं पुढे ढकलतो आणि निवृत्तीनंतरही ढकलतच राहतो, त्याच्या हाती 'पुढे' कधी येतच नाही.

सातारा जिल्ह्याला शिस्तीचा अभिमान आहे आणि तो असावा. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 मध्ये साताऱ्यात निघाली. अपशिंगे या गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. मेढ्याहून साताऱ्याला उतरलं की पलीकडे समर्थ रामदासांचा सज्जनगड आहे. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास अक्षर कसं काढावं याबद्दल आहे. ओळी सरळ कशा असाव्यात, काना-वेलांटी कशी असावी, आरंभापासून ग्रंथाच्या शेवटापर्यंत अक्षराची घडण कशी बदलू नये, हे समर्थांनी इतक्या बारकाईने सांगितलं आहे की आजच्या छापखान्याच्या माणसालाही त्याचा हेवा वाटावा. मला या समासात काटेकोरपणाचं निरोगी रूप दिसतं. पोथी दुसऱ्याने वाचायची आहे, पुढे कुणीतरी ती उतरवून घेणार आहे. म्हणून अक्षर चांगलं हवं. पोथी लिहून पुरी व्हायची आहे, हे त्यात गृहीतच आहे. आजारातला काटेकोरपणा वाचणाऱ्याला विसरतो. पान फाडून पुन्हा लिहितो, पुन्हा फाडतो, आणि पोथी कुणाच्या हाती पडतच नाही.

मानसशास्त्राने हे फार पूर्वी पाहिलं होतं. पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1903 मध्येच, काहीतरी अपुरं राहिलंय ही सतत टोचणारी भावना अशा माणसांच्या मुळाशी असते, असं नोंदवलं. फ्रॉइडने 1908 मध्ये नीटनेटकेपणा, कंजूषपणा आणि हट्ट हे तीन गुण एकत्र का येतात याबद्दल लिहिलं. त्याने दिलेलं कारण आज फारसं कुणी मानत नाही, पण तीन गुणांची जोड खरी निघाली. कॅरेन हॉर्नायने 1950 मध्ये माणसावर स्वतःच्याच 'असायला हवं'ची हुकूमत कशी चालते ते मांडलं. पुढे 1991 मध्ये पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार केले: स्वतःकडून निर्दोषपणाची मागणी, दुसऱ्यांकडून मागणी, आणि लोक आपल्याकडून निर्दोषपणाचीच अपेक्षा करतात ही धारणा. यातला तिसरा प्रकार माणसाला सर्वांत खोल नेतो. निराशेशी आणि आत्महत्येच्या विचारांशी त्याचं नातं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन इथल्या चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या उत्तरांची टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी जुळणी केली, तेव्हा 1989 ते 2016 या काळात हा तिसरा प्रकार सर्वांत वेगाने वाढलेला आढळला. स्कॉलरशिप, नवोदय, नीट, स्पर्धा परीक्षा या पायऱ्यांवर वाढणाऱ्या आपल्या मुलांकडे पाहताना मला हा निष्कर्ष परक्या देशांतला वाटत नाही.

उपचाराकडे वळू. ओसीपीडीवर कोणतंही खास मान्यताप्राप्त औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंतेचा आजार असेल तर त्यांच्या गोळ्या उपयोगी पडतात, आणि झोप व चिडचीड सुधारली तर बोलायला जागा होते. मुख्य काम बोलण्यातून होतं. ते काम सुरू करताना उपचार करणाऱ्याने एक वचन द्यायला हवं असं मला वाटतं: तुमच्या कामाचा दर्जा आम्ही उतरवणार नाही. हे सांगितल्याशिवाय हा माणूस दुसऱ्यांदा येत नाही. आयुष्यभर ज्या गुणावर त्याने मान मिळवला तोच रोग आहे असं ऐकायला कोण येईल? मग त्याच्याच सवयीचा उपयोग करून हिशेब मांडायचा. एका अहवालाला किती तास लागले, पहिल्या तपासणीनंतर किती चुका सापडल्या, चौथ्या तपासणीत किती. पहिल्या तपासणीत जवळजवळ सगळं निघालेलं असतं आणि उरलेले तास भीतीला दिलेले असतात. हे डॉक्टरने सांगून पटत नाही. स्वतःच्या वहीत उतरलं की पटू लागतं.

पुढची पायरी प्रयोगाची. पत्र एकदाच वाचून पाठवायचं. पाठवण्यापूर्वी काय अनर्थ होईल ते लिहून ठेवायचं आणि आठवड्याने काय झालं ते त्याखाली लिहायचं. सहायकाला तक्ता भरू द्यायचा आणि घरी आणायचा नाही. बायकोने लावलेल्या डब्यांना महिनाभर हात लावायचा नाही. वाचताना या गोष्टी क्षुल्लक वाटतात. करणाऱ्याच्या छातीत त्या वेळी धडधड होते, घाम येतो, आणि राग येतो. रागाखाली भीती असते हे त्याला तेव्हाच प्रथम कळतं. जावळीतल्या शेतकऱ्याला भाताच्या लावणीत जे कळतं तेच त्याला कळायला हवं असतं: चिखल झालाय, पाऊस लागलाय, तरवा वयात आलाय, तर ओळ थोडी वाकडी गेली तरी आजच लावायचं, सरळ ओळीसाठी आठ दिवस थांबलेलं रोप काढणीला दाणा देत नाही.

मराठीत या उपचाराची भाषा तयार आहे, हे आपलं भाग्य. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. माणसाला दुःखी करते ती त्याची इच्छा नव्हे, इच्छेची झालेली मागणी, हा तिचा गाभा. चांगलं काम व्हावं असं वाटणं निरोगी; ते झालं नाही तर मी कवडीमोल, तू कवडीमोल, हे जग असह्य, इथे रोग सुरू होतो. प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, त्यांच्या संस्थेची मान्यता मिळवली आणि डॉ. अंजली जोशी यांच्यासह हे विचार मराठीत आणले. ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच संस्थेने हीच पद्धत घराघरांतल्या मराठीत पोहोचवली. इतकं असूनही काटेकोर स्वभावाच्या घुसमटीवर तालुक्याच्या गावांत बोलणं होत नाही, याची मला खंत आहे.

या रुग्णाबरोबर काम करणाऱ्याला एक सापळा ओळखावा लागतो. रुग्ण उपचारही निर्दोष करू पाहतो. गृहपाठ तीन रंगांत लिहून आणतो, वेळेआधी दहा मिनिटं येतो, पुस्तकं वाचून येतो आणि 'मी बरोबर करतोय ना?' असं विचारतो. बोलणं सगळं बुद्धीच्या पातळीवर राहतं. वडील गेले तेव्हा काय वाटलं हे विचारलं की दहाव्याच्या खर्चाचा तपशील येतो. म्हणून नुसता हिशेब पुरत नाही. लहानपणी चूक झाल्यावर घरात काय व्हायचं, कुणाचा चेहरा बदलायचा, कुणाचं बोलणं थांबायचं, तिथपर्यंत जावं लागतं. जेफ्री यंग यांची स्कीमा उपचारपद्धती हेच करते. माणसाच्या आत बसलेला मागणी करणारा आवाज कुणाचा आहे, ते ओळखायला लावते. ओसीपीडीसह काही व्यक्तिमत्त्वविकारांच्या 323 रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली. स्वभावाला औषध नाही या म्हणीपुढे मान तुकवण्याचं कारण उरलेलं नाही. अमेरिकेतल्या दीर्घकालीन पाहणीत दोन वर्षांच्या आत ओसीपीडीच्या एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांची लक्षणं सलग वर्षभर अगदी कमी राहिली. त्याच पाहणीत कंजूषपणा आणि नीतीचा कडकपणा तुलनेने लवकर सैल झाले. हेकटपणा आणि दुसऱ्याच्या हाती काम न देणं ही दोन लक्षणं सर्वांत चिवट निघाली. घरातल्यांनी हे लक्षात ठेवलं तर त्यांचा धीर टिकेल. पैशाच्या बाबतीत वडील मोकळे झाले म्हणून कपाटाच्या बाबतीतही लगेच होतील असं नाही.

निवृत्ती हा या आजारातला मोठा टप्पा आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. जिल्हा परिषदेचा शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो. तोवर त्याच्या काटेकोरपणाला तीनशे मुलं, दहा शिक्षक आणि कपाटभर रजिस्टरं मिळत होती. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून तो सगळा भार एका स्वयंपाकघरावर आणि एका सुनेवर पडतो. घरातली भांडणं याच वर्षी वाढतात आणि सगळे ती सासू-सुनेच्या, बाप-लेकाच्या खात्यावर टाकतात. निरोप समारंभात नारळ आणि शाल देण्याआधी कुणीतरी त्याच्याशी पुढच्या दिवसांबद्दल बोलावं, त्यात त्याच्या पत्नीला बसवावं, हे एखादी शिक्षक संघटनाही करू शकेल.

मेढ्याच्या माणसाला मनोविकारतज्ज्ञासाठी साताऱ्याला जावं लागतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात आहे. ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. पण सोय असणं आणि तिथवर जाणं यांत मोठं अंतर असतं, आणि ते कसं कापायचं हे याच जिल्ह्याने एका वेगळ्या आजारात शिकून घेतलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात सुरू केलेलं 'परिवर्तन' व्यसनमुक्तीचं काम वर्षानुवर्षं करत आहे. व्यसनाच्या बाबतीत आता सगळे मानतात की रुग्ण स्वतःहून येत नाही. आधी बायको येते, आई येते, तिचं ऐकून घेतलं जातं, तिला कसं वागायचं ते सांगितलं जातं, आणि त्यानंतर कधीतरी तो येतो. नवरा पितो म्हणून जावळीतली बाई आज मदत मागू शकते. नवरा फार शिस्तीचा आहे म्हणून ती मागू शकत नाही. सांगायला गेली तर तिलाच सुख टोचतंय असं म्हणतील. तिला येऊ द्यावं. रक्तदाब, झोप किंवा अंगदुखी म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या बाईला डॉक्टरने, आशाताईने एवढं विचारावं: घरात एखादी गोष्ट तुमच्या पद्धतीने करता येते का, आणि चुकली तर काय होतं? तिने उत्तर द्यायला वेळ घेतला तर पुढची तारीख द्यावी आणि नवऱ्याला सोबत आणायची घाई करू नये.